ओल्या पायांची तपासणी

१९६४ साली, नारळी पौर्णिमेच्या आदल्या सकाळी, माझ्या आईच्या हाताचं मीटर केलं गेलं. आईचं नाव चंद्रभागा. जागा मालवणजवळचा एक नवा बर्फाचा कारखाना. करणारा मोठा शिकलेला साहेब, मुंबईहून मशिनरी तपासून पास करायला आलेला. तो प्यालेला नव्हता. रागातही नव्हता. शिकवत होता.

हे आधी सांगतो, कारण कारखान्यातले लोक आजही अपघात झाला म्हणतात. अपघात नव्हता तो.

सण झाला की होड्या दर्यात जाणार, मासळीला बर्फ लागणार. म्हणून मालकाला घाई. गावात वीज अजून यायची होती. कारखान्याचं स्वतःचं डिझेल इंजिन होतं, त्याच्या विजेवर मोटारी चालायच्या. चाचणी म्हणून बर्फ काढणं सुरू झालेलं. मी लाद्या ओढायचो, आई फरशी पुसायची. बर्फाचे डबे मिठाच्या पाण्यात सोडतात. ते पाणी सांडत राहतं. फरशी कायम ओली, आमचे पाय कायम ओले. आम्ही बौद्धवाडीतले. प्यायच्या पाण्याच्या माठाला आईचा हात चालत नव्हता. मुकादम वरून ओतायचा, ती ओंजळ धरायची.

साहेबाबरोबर दोन नवे इंजिनियर होते. नुकते नोकरीला लागलेले, इस्त्रीच्या विजारी, जाड तळव्यांचे बूट. त्यांना मोटारीपाशी उभं करून साहेब सांगत होता, "आतल्या तारेवरचं आवरण खराब झालं की करंट बाहेरच्या लोखंडात उतरतो. तो जमिनीत जावा म्हणून अर्थिंग. इथे जांभ्या दगडात खड्डा खणायचा तर घाम निघतो. ठेकेदार तार मातीत खुपसून मोकळा होतो. मग तपासायचं कसं?"

"मेगर लावून," एकजण म्हणाला.

मेगर म्हणजे ते आवरण तपासायचं यंत्र. साहेबाच्या पायाशीच होतं, लाकडी पेटीत.

"लावा की. मोटार बंद करा, तारा सोडवा, सगळी सकाळ घालवा. मालकाने कोंबडी कापून ठेवलीय, ती कोण खाणार?" तिघेही हसले. "व्यवहारात दुसरी रीत असते. फक्त माणूस अनवाणी हवा. आणि ओला."

त्याने मुकादमाकडे बघून मान हलवली. मुकादमाने हाक मारली, "गो चंद्रभागे, हय ये. मोटारीक हात लाव."

आई पदराला हात पुसू लागली.

"पुसतंस कित्याक? लग्नाक इलंस काय?"

साहेब त्या दोघांना हलक्या आवाजात म्हणाला, "खरं तर उलटा हात लावायचा. तळवा लावला तर बोटं आवळतात, सुटत नाहीत."

त्यांना म्हणाला. तिला नाही.

आईने तळवा लावला.

बोटं आवळली. तोंड उघडं, आवाज नाही. सगळं अंग मोटारीबरोबर थरथरत होतं. मी धावलो, पण मुकादम जवळ होता. त्याने फळी उचलली आणि तिच्या मनगटावर हाणली, तेव्हा ती सुटली. मिठाच्या पाण्यात पडली.

"ही गळती," साहेब म्हणाला. "आता पुढची मोटार."

दुसऱ्या इंजिनियरने विचारलं, "सर, पुरुष असता तर फरक पडला असता का?"

"बघू या. हा उभा आहे की."

हा म्हणजे मी.

मी सगळं ऐकलं होतं. भिंतीसमोर बोलावं तसं ते आमच्यासमोर बोलत होते. भिंतीला काय कळतंय.

"लावणार नाही," मी म्हटलं. "तुम्ही लावा. बूट काढा आणि लावा."

साहेब माझ्याशी बोललाच नाही. मुकादमाला म्हणाला, "हा कामावर कशाला ठेवलाय?"

तेवढं आईला पुरलं. ती पाण्यातून उठून बसली. "झिला, लाव हात. कायएक होवचा नाय. माका काय झाला? जिती आसंय मां मी."

"आये, नाय."

"काम जातला रे. मगे खावचा काय?" मी हललो नाही. तशी ती भिंत धरून उभी राहिली. "तू रव. मी लायतंय." उजवा हात लोंबत होता. डावा पुढे करून ती दुसऱ्या मोटारीकडे निघाली.

साहेब घड्याळ बघत होता. "कुणीही लावा. मला वेळ नाही."

मी आईला कमरेला धरून मागे ओढलं. ती मला बोचकारत होती, शिव्या देत होती. "सोड माका मेल्या. घरात चूल पेटवची आसा." तिला तसंच ओढत दाराबाहेर आणलं. वाळूत बसवलं. मला वाटलं, झालं. नाही म्हटलं, सुटलो.

तेव्हा आतून मुकादमाचा आवाज आला. "गो पारू, हय ये."

पारू माझ्या चुलत्याची सून, तीही तिथेच कामाला. पोटुशी होती.

मी परत आत गेलो. तिचा हात मोटारीकडे निघाला होता. मी भिंतीवरचा विजेचा मोठा खटका खाली ओढला. मोटारी थांबल्या. पारू माझ्याकडे बघत राहिली, हात तसाच पुढे. मग त्यांनी मला मारलं. मुकादमाने आधी, मग मालकाच्या माणसांनी. बूट घातलेल्या त्या दोघांनी मारलं नाही. बघत उभे राहिले. मेगरची पेटी उघडलीच नाही. मोटारी त्याच दिवशी पास झाल्या.

आईची तीन बोटं अजून मिटत नाहीत. कोयता धरता येत नाही. ती साहेबाला दोष देत नाही, मला देते. माझ्या तोंडामुळे दोघांचं काम गेलं म्हणते. पारू रस्त्यात दिसली तर मान खाली घालते.

मला कुणाचे आभार नकोत. मला एवढं कळलं की एकट्याने नाही म्हटलं तर ते पुढचं नाव पुकारतात. माझा हात वाचला म्हणजे फक्त दुसऱ्याची पाळी आली. म्हणून आता मी कारखान्या-कारखान्यांतून, गोदीतून, बंदरातून हेच बोलत फिरतो. कुणाला आवडो न आवडो.

हे वाचणाऱ्या, तू इंजिनियर असशील, फिटर असशील, लादी ओढणारा असशील. तुझ्यासमोर कुणाला तरी मोटारीला हात लावायला सांगतील. ते नाव तुझं नसेल. तू खटका ओढ.