मनगटावरचं होकायंत्र आणि उगवतीचा बांध

तक्रारदार : मी स्वतः, वय पन्नाशीपार, शिक्षण नववीपर्यंत, धंदा तहसील कचेरीसमोर बसून अर्ज लिहिणे. तक्रार कोणाविरुद्ध : आधी मी, मग कचेरी. साक्षीदार : ईट गावच्या एक आजीबाई व त्यांचा ट्रॅक्टरवाला पुतण्या. घटनेचा दिनांक : यंदाच्या मृगातला ढगाळ मंगळवार.

आजीबाईंच्या रानाची वाट शेजाऱ्यानं बाभळीच्या काट्या टाकून बंद केली होती. वाट मोकळी झाल्याशिवाय बियाणं रानात जाणार नव्हतं. अशा अर्जात चतुःसीमा, म्हणजे कोणत्या दिशेला कोणाचं काय आहे, हे लिहावं लागतं. आणि त्या कामात माझा हात धरणारा तालुक्यात नाही, असं मी मानत आलो. त्यातच जावयानं डोंगर चढणाऱ्यांचं, दिशा दाखवणारं घड्याळ दिलेलं. म्हणून मी मुद्दाम जागेवर गेलो, ट्रॅक्टरच्या बॉनेटवर कागद पसरला आणि बटण दाबलं.

"भाऊ, वाट उगवतीच्या बांधानं हाय. सासऱ्याच्या काळापासनं," आजीबाई म्हणाल्या.

"आजी, यंत्र ती बाजू दक्षिण दाखवतं."

"मग त्या यंत्रालाच इचारा, दिस कुठनं उगवतो!"

पुतण्या फिसकन हसला. माझं डोकं फिरलं. "शिकलेलं कोण आहे इथं, तुम्ही का मी?" असं मी आईच्या वयाच्या बाईला विचारलं. अर्जात दक्षिण लिहिलं. त्यांनी अंगठा उमटवला.

कचेरीतून पाहणीला आलेली माणसं त्याच काट्या ओलांडून रानात आली. मग दक्षिणेच्या बांधावर जाऊन शेजाऱ्याची विहीर पाहिली आणि लिहिलं, "अर्जात नमूद ठिकाणी वाट आढळून येत नाही." अर्ज फेटाळला. पायाला बोचलेला काटा त्यांना दिसला नाही, माझा एक शब्द तेवढा दिसला!

मी संतापून घड्याळाच्या दुकानदाराला फोन लावला. तो शांतपणे म्हणाला, "लोखंडापासून लांब उभे राहा, घड्याळ आडवं धरा, हवेत आठचा आकडा काढा." पुस्तिकेतही तेच असावं, पण ती सगळी इंग्रजीत आणि अक्षर मुंगीएवढं. घड्याळाला खेटून माझं पोलादी कडं, हाताखाली अख्खा ट्रॅक्टर. यंत्र बिचारं काय करणार!

पुन्हा रानात गेलो. कडं काढलं, ट्रॅक्टर लांब लावायला सांगितला आणि हवेत आठ काढू लागलो.

"काका, सोनारीच्या भैरवाचं वारं आलं का काय अंगात?" पुतण्या ओरडला. "मराठी आठ नगं, इंग्रजी काढा! दोन येढे वर-खाली!"

तसं काढलं. काटा फिरला आणि स्थिरावला. वाटेचा बांध पूर्वेला.  आजीबाई आभाळाकडे बघत बसल्या. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

सबब विनंती की, दक्षिण हा शब्द माझा, चूक माझी. शिक्षा मला व्हावी. मृग संपला, पेरणीचा वाफसा निघून चालला आहे. फेरपाहणी तात्काळ व्हावी. लेखी उत्तराची मला गरज नाही. ते आजीबाईंना द्यावं; आणि त्यांना वाचता येत नाही, म्हणून उगवतीच्या बांधावर येऊन, काट्या उचलून द्यावं.