रक्त द्यायला आलेली माणसं

मुंबईहून पप्पांना घेऊन परत आलो तेव्हा शेजारच्या प्लॉटवर इमारतीचं काम सुरू झालेलं होतं. बायपासच्या पलीकडची आमची वस्ती. आम्ही राहायला आलो तेव्हा खिडकीतून ज्वारी दिसायची, आता सळया दिसत होत्या. डॉक्टरांनी निघताना बजावलं होतं की बांधकामाची धूळ यांच्या छातीत जाता कामा नये, तिच्यात बुरशी असते. म्हणून सगळ्या खिडक्या बंद. साठलेलं पाणी नको म्हणून कूलर बंद. आदल्या वर्षी पाऊस झालाच नव्हता, नळाला कधी पाणी येईल याचा भरवसा नव्हता, त्यामुळे टँकरचं पाणी घ्यायचं आणि तेही उकळून. मे महिन्यात बंद घरात सतत पाणी उकळत असायचं. त्या उकाड्यात आई, पप्पा आणि मी एकमेकांशी फार बोलत नसू.

पप्पांना रक्ताचा कॅन्सर होता. केमोनं एकदा गेला, वर्ष पुरं व्हायच्या आत परत आला. मग मुंबईत नवा उपचार झाला. शरीराची राखण करणाऱ्या पेशी रक्तातून बाजूला काढल्या, प्रयोगशाळेत त्यांच्यात बदल केला, कॅन्सरची पेशी ओळखायला शिकवलं आणि एका छोट्या पिशवीतून परत सोडल्या. पिशवी इतकी लहान होती की आई म्हणाली, "एवढंच?" नंतर ताप चढला. मेंदूवर परिणाम होतोय का हे बघायला नर्स रोज पप्पांकडून एक वाक्य लिहून घ्यायची. ते रोज एकच लिहायचे, "आमचं गाव कन्नडजवळ आहे." एके दिवशी 'गाव' या शब्दापर्यंत आले आणि पुढे नुसत्या रेघा ओढल्या. ते दोन-तीन दिवसांत सावरले. मी मात्र अजून कुणाचं अक्षर बिघडलेलं पाहिलं की दुसरीकडे बघते.

डॉक्टर इंग्रजीत बोलायचे, मधे थोडं हिंदी. पप्पा माझ्याकडे बोट दाखवायचे. "हिला सांगा, हिला इंग्रजी येतं." मी ऐकून घ्यायचे आणि बाहेर आल्यावर दोघांना सांगायचे, "सगळं नीट चाललंय." उरलेलं मी एकटी वाचायचे. या उपचारावरचे शोधनिबंध, त्यांतले खाली उतरत जाणारे आणि मग सपाट होणारे आलेख. रेघ सपाट झाली म्हणजे त्यानंतर रोग फारसा कुणाचा परतला नाही. सपाट होण्याआधीच्या उताराकडे बघून मी फोन पालथा ठेवायचे. हे बोलायला माझ्याकडे माणूस नव्हतं, आणि खरं म्हणजे मराठीही नव्हती. शाळेत जीवशास्त्र इंग्रजीतून शिकले होते. घरच्या भाषेत पेशीला पेशी म्हणतात हे मला ठाऊक होतं, पण तसं मी कधी तोंडानं म्हटलं नव्हतं.

गावाकडे आम्ही सांगितलं होतं, "रक्त कमी झालंय." ही आईची कल्पना. रक्ताचा आजार म्हटलं की लोक तो घराण्यात आहे असं धरतात, आणि माझं लग्न व्हायचं होतं. तो तसा बापाकडून मुलीकडे येत नाही, हे मी आईला समजावून पाहिलं. ती म्हणाली, "तू मला सांगशील. मी कुणाकुणाला सांगू?"

त्यामुळे गावाहून बीट येत राहिले. खजूर, डाळिंबं, गूळ-शेंगदाणे. पप्पांचे मोठे भाऊ, माझे मोठे काका, रोज सकाळी फोन करून विचारायचे, "किती वाढलं रक्त?" पप्पा काहीतरी आकडा सांगायचे. आमच्याकडे आजारी माणसाला भेटायला न जाणं म्हणजे नातं तोडणंच. आधी फोन करून कुणी येत नाही. येतात, पलंगाच्या कडेला बसतात, पायावर हात ठेवतात. आधी मुंबई लांब म्हणून कुणी आलं नव्हतं; परतल्यापासून आई महिनाभर फोनवरूनच सगळ्यांना थोपवत होती. आत्ता झोपलेत, आत्ता तपासणीला गेलेत, पुढच्या आठवड्यात या.

एका सकाळी आई औषधं आणायला गेली होती आणि पप्पा झोपले होते. फाटकाशी जीप थांबली. मोठे काका उतरले आणि त्यांच्या मागून भावकीतली पाच-सहा माणसं. सगळ्यांनी स्वच्छ कपडे घातले होते. मी मास्क लावून बाहेर गेले आणि फाटकाची कडी धरून उभी राहिले.

"काय गं बाई, वळखलं नाय का? उघड की," काका म्हणाले.

"काका, तुम्ही अचानक?"

"रक्त द्याया आलो. लई दिवस झाले, बीट खाऊन काय वाढंना त्याचं. गावात इचारलं कुणाकुणाचा त्याचा गट हाय. हे सगळे त्येच्याच गटाचे. पोटभर भाकरी खाऊन निघालो, उपाशी माणसाचं घेत नाय म्हणतेत."

मागून एक जण म्हणाला, "माझ्यापासून सुरू करा. जन्मात दारूचा थेंब नाय घेतला."

"म्हणून तर तुझं नको. बेचव असंल," दुसरा म्हणाला. सगळे हसले. मीही मास्कच्या आत हसले आणि पुढच्याच क्षणी माझ्या लक्षात आलं की आता ही माणसं आत येणार.

आईसारखं झोपलेत म्हटलं असतं तर ते ओट्यावर थांबले असते. तपासणीला गेलेत म्हटलं असतं तर दवाखान्यात निघाले असते. एकाला सर्दी होती, तो गमछ्याला नाक पुसत होता. मी त्या गमछ्याकडे बघत होते.

"आत नाही येता येणार," मी म्हणाले. "पप्पांना कॅन्सर आहे. रक्ताचा."

शेजारच्या प्लॉटवर मिक्सर फिरत होता.

"कवापासून?" काकांनी विचारलं.

"दोन वर्षं झाली."

"अन् आमी बीट पाठवत बसलो?"



सर्दीवाल्यानं हळूच विचारलं, "लागत तर नाय ना ते?"

"गप रे," काका म्हणाले.

"त्यांच्यापासून तुम्हाला नाही लागत," मी म्हणाले. "तुमच्यापासून त्यांना लागेल. साधी सर्दीसुद्धा."

मग मी सांगायला लागले. अडखळत, शब्द शोधत. की त्यांच्याच रक्तातल्या पेशी काढून, शिकवून परत सोडल्या. या शिकवलेल्या पेशी रोगाच्या पेशींना एका खुणेवरून ओळखून मारतात. पण तीच खूण काही चांगल्या पेशींवरही असते, जंतूंशी लढणाऱ्या. त्यासुद्धा मरतात. म्हणून काही महिने त्यांच्या अंगात जंतूंशी लढायला फारसं काही नाही.

काका फाटकाच्या गजावरचा गंज नखानं खरवडत ऐकत होते. "मंग आमचं रक्त?"

"आत्ता नको, काका."

तेवढं एक वाक्य बोलायला मला सगळ्यात जड गेलं.

काकांनी खिशातून फोन काढला आणि पप्पांना लावला. बंद खिडकीच्या आत घंटा वाजलेली मला ऐकू आली. थोड्या वेळानं पप्पा काचेपाशी आले. डोक्यावर केस नाहीत, भुवयाही नाहीत. काकांनी त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं. दोघे भाऊ कानाला फोन लावून उभे होते.

शेवटी काका म्हणाले, "डोई चांगली चकाकती की रं."

पप्पांचे ओठ हलले. काय म्हणाले ते मला ऐकू आलं नाही. काकांनी "बरं, बरं" म्हणत फोन ठेवला, हातातली बिटांची पिशवी फाटकाला अडकवली आणि मला विचारलं, "इथं रक्तपेढी कुठं हाय? आलोच हाय तर कुणाला तरी देऊन जातो. एवढं जेवून निघालो." मी रस्ता सांगितला. जाताना ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "सख्ख्या भावाला परकं केलं तुमी." जीप वळली आणि खडीच्या ट्रकमागे अडकून बराच वेळ दिसत राहिली.

आई परतल्यावर तिनं पिशवीतले बीट सिंकमध्ये ओतले आणि नळ सोडला. पाणी नव्हतं. "आता गावभर होईल," ती म्हणाली. "तुझ्यासाठीच झाकलं होतं गं." ती रागावली असती तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवसापासून काकांचा सकाळचा फोन बंद झाला. पप्पा त्या वेळी फोन हातात घेऊन बसायचे, मग चार्जिंगला लावायचे. मला ते काही म्हणाले नाहीत. मी घरून काम करायचे, हेडफोन लावून. लॅपटॉपवरचे माझे सहकारी विचारायचे, सगळं ठीक? मी म्हणायचे, ठीक.

आठवडा उलटला असेल. दुपारी पप्पांनी खोलीतून हाक मारली. "दादाला काय सांगितलंस त्या दिवशी?"

"जे झालं ते."

"ते मला सांग."

"तुम्हाला माहीत आहे सगळं."

"मला कुठं माहीत आहे? तिथं सगळे तुझ्याकडं बघून बोलायचे. मी नुसता मान हलवायचो."

मी खुर्ची उंबऱ्यापाशी ओढली, मास्क नीट केला आणि पहिल्यापासून सांगितलं. या वेळी शब्द कमी शोधावे लागले. ते मधे थांबवत होते. "म्हणजे त्या माझ्याच पेशी?"

"तुमच्याच."

"आहेत अजून आत?"

"असाव्यात. काहींच्या अंगात त्या वर्षानुवर्षं राहतात. काहींच्या लवकर संपतात."

"संपल्या तर?"

इथपर्यंत आले की मी वाचणं थांबवायचे. "तर तो परत येऊ शकतो. कधी पेशी असूनही येतो, रोग आपली खूण लपवतो. त्यावर अजून काम चालू आहे. एकाऐवजी दोन खुणा ओळखणाऱ्या पेशी करून बघतायत."

"माझ्या किती ओळखतात?"

"एक."

मग त्यांनी फोन उचलला आणि भावाला लावला. घंटा पूर्ण वाजून थांबली. त्यांनी पुन्हा लावला, पुन्हा तेच. फोन चादरीवर ठेवून ते माझ्याकडे वळले.

"हं," म्हणाले. "पुढं सांग."