कुलपामागची साडेतीनशे पुस्तकं

अणदूरपासून चार कोसांवरच्या एका गावात शांताक्का बावीस वर्षं सार्वजनिक वाचनालय सांभाळत आल्या. सकाळी पेपर वाचायला पुरुष मंडळी जमत. लेकरांना द्यावं असं मात्र तिथं काहीच नव्हतं. आणि समोरच्याच शाळेत मुलांची साडेतीनशे पुस्तकं बांधलेल्या गठ्ठ्यांत तशीच पडून होती, कारण शाळेला ग्रंथपाल नव्हता.

अक्का मुख्याध्यापक हिंमतरावांकडं गेल्या. "सर, पुस्तकं तुमच्याकडं हायत, माणूस आमच्याकडं. शनिवारी शाळा सुटली की लेकरं धाडा. नोंद मी ठेवते."

"एखादं हरवलं तर?"

"तर मला धरा."

तीन हेलपाटे झाले, तेव्हा कुठं सरांनी मान हलवली. अक्कांनी गठ्ठे वाचनालयात आणून सोडले, एकेका पुस्तकाला खाकी कव्हर घातलं, पाठीवर नंबर टाकले, मुलांच्या नावांचं रजिस्टर केलं. शनिवारी पायरीवर चपलांचा खच पडू लागला. सातवीतली राजेश्वरी तर ताऱ्यांवरचं एक जाडजूड पुस्तक मांडीवर घेऊन बसायची आणि अक्कांना न सुटणारे प्रश्न विचारायची. "माहीत न्हाय गं," म्हणतानाही अक्कांना लई बरं वाटायचं.

दिवाळीनंतर शाळेची तपासणी लागली. हिंमतराव स्वतः आले. "अक्का, आठ दिवसांपुरती पुस्तकं द्या. रजिस्टरबी द्या." राजेश्वरीच्या हातातलं पुस्तकही अक्कांनी मागून घेतलं. "पुढल्या शनिवारी घे," असं त्यांनीच तिला सांगितलं.

तपासणी झाली. साहेबांनी रजिस्टर चाळलं, वाखाणलं. शाळेच्या समृद्ध ग्रंथालयाचा फोटो पेपरात आला. अक्कांचं नाव कुणी काढलं नाही. ते त्यांनी गिळलं. पण पुस्तकं परत आली नाहीत. कपाटात गेली आणि कपाटाला कुलूप बसलं.

"आता रिस्क कशाला, अक्का?" सर म्हणाले. "रेकॉर्ड चांगलं झालंय. लेकरं पानं दुमडतेत."

"मग पुस्तकं कशाला असतेत, सर?"

सरांनी चहा मागवला. अक्का तो न पिताच उठल्या.

राजेश्वरी चार शनिवार आली. अक्कांनी पेपरातली मुलांची पुरवणी पुढं केली. "ही वाचली, अक्का," ती म्हणाली, आणि पाचव्या शनिवारी आलीच नाही. अक्कांना सरांपेक्षा स्वतःचाच राग जास्त आला. कव्हरं त्यांनीच घातली होती, पोरीला शब्दही त्यांनीच दिला होता.

जूनमध्ये हिंमतरावांची बदली झाली. अक्का आशेनं नव्या बाईंकडं गेल्या.

"चार्जमध्ये कपाटाची किल्लीच मिळाली नाही मला," बाई म्हणाल्या. "कुलूप तोडायचं तर वरून परवानगी लागते."

अक्कांनी तिथंच बसून अर्ज लिहिला. त्याला आता दोन वर्षं झाली. राजेश्वरी यंदा दहावीला आहे. रस्त्यात भेटली की ती हसते. अक्काच मान खाली घालून पुढं जातात.