अमावास्येचा रिकामा रकाना

पारसभाऊ गेल्याचा फोन आला, तेव्हा मी त्यांनाच पत्र लिहीत होतो. मायना झाला होता, विषय झाला होता, 'उपरोक्त विषयास अनुसरून' इथपर्यंत संताप रीतसर चढला होता... आणि घोडेगावहून त्यांचा पुतण्या म्हणाला, "आप्पा, काका पहाटे गेले." याला सहा आठवडे झाले. ते पत्र अजून टेबलावरच आहे.

घोडेगावात पणजोबांनी थाटलेले कापडदुकान भावाच्या हवाली करून पारसभाऊंनी आमच्या साखर कारखान्याचा संगणक विभाग सांभाळला. मी निमगाव सावाचा ऊस उत्पादक सभासद. आमची ओळख भांडणातून झाली. सलग दोन हंगाम माझ्या उसाची लागण आधी नोंदलेली असूनही तोड मागाहून नोंदलेल्यांची आधी झाली. उसाला तुरे येऊन वजन घटले. उपविधींचे हवाले देत मी अकरा पत्रे धाडली. बाराव्याला उत्तर म्हणून पारसभाऊंचे बोलावणे आले.

"आप्पा, शिव्या नंतर द्या. आधी चहा घ्या. साखर तुमच्याच उसाची आहे राव."

"माझ्या उसाची असती, तर तो वेळेत तुटला असता," मी म्हणालो. ते मनापासून हसले आणि त्यांनी मला संगणकाचा पडदा दाखवला. कारखान्यात दोन प्रणाली होत्या. लागणीच्या नोंदी, वजनकाटा, साखरसाठा असा सारा कारभार ईआरपी या पहिल्या प्रणालीत होता. दुसरे सिम्युलेशन, म्हणजे उद्या कुठून किती ऊस येईल, गाळपाला नेणाऱ्या गव्हाणीत कधी पडेल, याची संगणकावर आधीच घेतलेली तालीम. या दोहोंमध्ये एक कारकून बसून आकडे हाताने उतरवी, आणि उतरवता उतरवता वजनदार माणसांची नावे वर सरकत! पारसभाऊंना हा मधला हातच काढायचा होता. तालमीने नोंदी थेट ईआरपीतून घ्याव्यात आणि ठरलेला क्रम परस्पर ईआरपीत नोंदवावा. मी त्यांना पाठिंब्याचे पत्र दिले, आयुष्यातील पहिलेच.

जोडणी झाली, पंधरवडा सुरळीत गेला आणि अमावास्या आली. आमच्याकडे त्या दिवशी कुणी बैल जुंपत नाही. संगणक मात्र शेकडो बैलगाड्यांची वाट पाहत राहिला, ट्रक त्याने दुसऱ्या दिवसावर ढकलले होते, आणि गव्हाण रिकामी पडली. अड्ड्यावरचा एक गाडीवान पारसभाऊंच्या तोंडावर म्हणाला, "आवसंला बैल जुपत न्हाई आमी. तुमच्या मशिनीला कुणी सांगितलं न्हाई व्हय?" मी त्याच दुपारी चार पानी पत्र धाडले. नको ते विशेषण एकही सोडले नाही.

तेच पत्र संचालकांच्या सभेत जोडणी रद्द करण्यासाठी पुरावा म्हणून ठेवले जाणार असल्याचे मला कळले. जोडणी गेली की क्रम पुन्हा हाताने, म्हणजे ओळखीने ठरणार होता. मी धावत पारसभाऊंकडे गेलो. "पत्र मागे घेतो," म्हणालो. हे शब्द मी पूर्वी कधी उच्चारले नव्हते.

"मागं कशाला घेता? अर्धंच लिहिलंय तुम्ही. चूक सांगितली, आता दुरुस्ती सांगा की!"

मग आम्ही पंचांग घेऊन बसलो. हंगामातल्या अमावास्या, बैलांना विसावा लागणारे लांबचे चढ, सारे मी मुद्देवार लिहिले. त्यांनी ते तालमीत घातले. सभेत माझी दोन्ही पत्रे वाचली गेली. जोडणी टिकली. त्या हंगामात माझा ऊस माझ्या पाळीला तुटला. एक दिवस आधी नाही, एक दिवस नंतर नाही. मी तक्रार केली नाही, तेव्हा त्यांनीच फोन करून विचारले, "आप्पा, तब्येत बरी आहे ना?"

परवा अमावास्येला मी कारखान्यावर गेलो. तोडणीचा तक्ता नेहमीप्रमाणे फलकावर होता. बैलगाड्यांचा रकाना कोरा, आणि खाली पारसभाऊंनी तेव्हा घातलेली ओळ आपोआप छापून आलेली: 'सभासदाच्या पत्रावरून.' तिच्यात 'सभासदांच्या' असे आदरार्थी असावयास हवे, हाच टेबलावरच्या माझ्या अपूर्ण पत्राचा विषय होता. आता ती दुरुस्ती मला नको आहे... आहे तशीच छापली जावी, दर अमावास्येला.