मिशीवाली सायकल

शेवंतीची पुडी सोडली, की तिच्या कडसर वासानं मला बसवनगुडीतला तो रस्ता आठवतो. पुण्याहून बाबांची बदली होऊन त्या कानडी शहरात आलो, त्या वर्षीची खंडेनवमी होती. दुरुस्तीला टाकलेली सायकल आणायला मी बाबांबरोबर गेले. दुकानासमोर एक सायकल नटून उभी होती. हँडलला केळीचे कोवळे खांब, चाकांच्या तारांत रंगीत कागद, अंगभर शेवंती. आणि दिव्यावर कुंकवाचे दोन डोळे नि खाली काजळाची झुपकेदार मिशी! बाबा पोट धरून हसले. "काय हौशी प्राणी असेल! आपण आपलं कुंकवाचं एक बोट टेकवून मोकळे." मग त्यांनी दुकानदाराला विचारलं, "माझी झाली का हो?" तो म्हणाला, "हीच की स्वामी! दुकानात आलेली गाडी आज पूजेशिवाय कशी देऊ? आणि मिशी बघूनसुद्धा ओळखली नाहीत?" बाबांचा हात आपसूक स्वतःच्या मिशीवर गेला. फुलं पडतील म्हणून ते सायकलवर बसलेच नाहीत. घरापर्यंत तिला हातानं धरून, भेटेल त्याला मिशी दाखवत आले. आता दारात मुलाची मोटार असते. खंडेनवमीला हार घालून सगळे आत गेले, की मी हळूच तिच्या दोन दिव्यांच्या मधोमध काजळाच्या बोटानं बाबांची मिशी काढते.