थंड इस्त्री

माझी थोरली मावशी लाँड्रीत इस्त्री करते. तिच्या हाताखालून कॉलर निघाली की आतला माणूस कसाही असो, शर्ट तरी सभ्य दिसतो.

हल्ली तिची एकच तक्रार. "इस्त्री बिघडलीय. अंगावर आग ओकते नुसती." मेस्त्री येऊन तपासून जायचा, त्याला काही सापडायचं नाही. शेवटी त्याने वायरच उचलून दाखवली.

"मावशी, प्लग लावलेलाच नाही. थंडगार आहे ही."

"मग हे काय?" मावशीचा गळा, कान, कपाळ लालबुंद. घाम हनुवटीवरून ठिबकत होता.

"वय झालं, दुसरं काय!" मेस्त्री हसला.

मावशी नाही हसली. तिला आजी, म्हणजे तिची आई, आठवली.

आजी याच वयाची असताना ऐन थंडीत खिडक्या उघडायला लागली. उगाच रडायची, पोटच्या मुलांची नावं विसरायची. डोकं फिरलं, असं घरात ठरलं. आजोबांनी तिला मागच्या खोलीत ठेवून बाहेरून कडी घातली. "जीव गुदमरतोय गं, दार उघडा." मावशी तेव्हा शाळेत होती, पुस्तक पुढ्यात घेऊन ती हे ऐकत बसायची. आजी त्याच खोलीत वारली.

आता मावशीला नेहमीच्या गिऱ्हाइकांची नावं आठवेनात. भर दुपारी, वाफेच्या फुसफुशीतून तिला तोच आवाज ऐकू येई. दार उघडा गं.

"माझं तसं झालं तर कडी नका घालू हं," एक दिवस ती मला म्हणाली.

"काहीतरीच! चल, डॉक्टरकडे जाऊ."

"वेड्यांच्या?"

"बायकांच्या!"

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "पाळी?"

"लहरी झालीय मेली. आली तर पूर, नाहीतर तोंड दाखवत नाही."

"पाळी जायच्या आधी काही वर्षं हार्मोन्स वरखाली होतात. त्यानेच अशा वाफा येतात. झोप उडते, धडधडतं, विसरायला होतं."

"आणि रडू?"

"तेही. हे वेड नाही. यावर औषधं आहेत, तुमची तब्येत बघून ठरवू. थायरॉइडही तपासून घेऊ. आणि एक लक्षात ठेवा, पाळी वर्षभर बंद राहून पुन्हा रक्त दिसलं, तर लगेच यायचं."

मी मावशीला कोपराने ढोसलं. "बघ! उगाच जीव टांगणीला लावलास."

तिचं माझ्याकडे लक्षच नव्हतं.

"हे सगळ्यांना होतं?"

"कमीजास्त, बहुतेकींना."

"माझ्या आईलाही झालं असेल?"

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "मी त्यांना तपासलेलं नाही, नक्की कसं सांगू? पण असू शकतं."

"उकडत होतं तिला," मावशी पुटपुटली. "नुसतं उकडत होतं गं. आणि आम्ही…"

बाहेर पुढच्या बाईंना हाक मारली गेली, त्या दारात येऊन उभ्याही राहिल्या, तरी मावशी खुर्चीतून उठेना.