घरच्यांनी माझ्या लॅपटॉपचा टीव्ही केला

मैत्रिणींनो, आज डोकं फिरलंय.

आम्ही पासली गावात राहतो. घरी बसून काम करता यावं म्हणून मी मोठ्या स्क्रीनचा लॅपटॉप घेतला. त्याची बॅटरी जेमतेम तासभर टिकते.

आज अकराला माझी ऑनलाइन मुलाखत होती आणि सकाळीच लाईट गेली. अंघोळ करून आले, तर सासरे आणि दीर लॅपटॉपवर मॅच बघत बसलेले!

"मामा, बॅटरी संपेल, माझी मुलाखत आहे."

"एवढा मोठा पडदा एकटीलाच पायजे व्हय?" सासरे हसले.

मी लॅपटॉप ओढून घेतला. मुलाखतीत तिसऱ्याच प्रश्नाला तो बंद पडला.

"जाऊ दे, दुसरी नोकरी मिळंल," सासरे म्हणाले.

"दुसरी मॅचही मिळाली असती, मामा!" मी तोंडावर बोलले.

आता मी उद्धट ठरलेय. खरंच, माझं चुकलं का?